पंखावरच्या पट्ट्या, फळ्या आणि फटी : वाचकांचे प्रश्न

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला. खिडकीतून दिसणाऱ्या पंखाबद्दल एवढी विचारणा पूर्वी होत नव्हती. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे विमान देखभाल आणि उड्डाण या दोन्ही बाजूंच्या आमच्या सल्लागारांची आहेत.

उड्डाणाच्या वेळी पंखाची मागची पट्टी थोडीच बाहेर येते. उतरताना मात्र ती पार खाली वाकते आणि फटीतून जमीन दिसते. उड्डाणालाच ती पूर्ण उघडली तर विमान लवकर उचलणार नाही का?
— एक वाचक, खारघर

लवकर उचलेल, पण नीट चढणार नाही. सगळी मेख इथेच आहे.

मागची ती पट्टी म्हणजे फ्लॅप आणि पंखाच्या पुढच्या कडेला सरकणारी ती स्लॅट. पंखाचा आकार मुळात ठरवलेला असतो तो ३५ हजार फुटांवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडण्यासाठी. उतरताना तोच पंख ताशी २५० किलोमीटरला विमान पेलत असतो. पंखाला मिळणारी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग ८३० वरून २५० वर आला की ती अकराव्या हिश्श्यावर येते. खालची हवा सुमारे सव्वातीन पट दाट असते, त्यामुळे काही भरपाई होते. तरीही साधारण साडेतीन पटीची तूट उरतेच. थोडी तूट नाक वर करून भरून निघते, बाकीची फ्लॅप आणि स्लॅटनी भरायची.

फ्लॅप दोन कामे करतो. आधी मागे सरकून पंखाचे क्षेत्रफळ वाढवतो, मग खाली वाकून पंखाचा बाक वाढवतो. सुरुवातीच्या खाचांमध्ये, म्हणजे फ्लॅपच्या लिव्हरच्या पहिल्या ठरलेल्या जागांवर, सरकणे जास्त आणि वाकणे कमी असते. तिथे लिफ्ट भरपूर वाढते आणि हवेचा रोध फारसा वाढत नाही. शेवटच्या खाचांमध्ये नेमके उलटे होते. लिफ्ट थोडीशीच वाढते, रोध मात्र प्रचंड.

एअरबस ए३२०चे आकडे पाहा. कॉकपिटमधल्या लिव्हरला ०, १, २, ३ आणि फुल अशा पाच जागा असतात. जमिनीवर लिव्हर १ वर ठेवला की स्लॅट १८ अंश आणि फ्लॅप १० अंश उघडतात. २ वर ते अनुक्रमे २२ आणि १५ होतात, ३ वर २२ आणि २०. फुलवर स्लॅट २७ आणि फ्लॅप ३५ अंश होतात, काही इंजिनांच्या विमानांत ४०. उड्डाणासाठी १, २ किंवा ३ चालते, फुल चालत नाही. बोइंग ७३७-८०० मध्ये उड्डाणाला बहुतेक वेळा ५ ची खाच वापरतात, उतरताना ३० किंवा ४० ची.

उड्डाणाच्या गणिताला दोन बाजू आहेत. एक, धावपट्टी संपायच्या आत हवेत जायचे. दोन, नेमक्या त्या क्षणी एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या एकावर चढत राहायचे. दोन इंजिनांच्या विमानाला चाके आत गेल्यावर अशा अवस्थेत किमान २.४ टक्के चढ जमला पाहिजे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. फ्लॅप जास्त उघडले तर पहिली बाजू सोपी होते आणि दुसरी अवघड, कारण एका इंजिनाला त्या वाकलेल्या फ्लॅपचा रोधही ओढावा लागतो.

म्हणून ‘उकाड्यात फ्लॅप जास्त लावतात’ हे सरसकट विधान खरे नाही. ठाण्या-पनवेलच्या ४० अंशांच्या दुपारी हवा प्रमाण १५ अंशांच्या तुलनेत सुमारे आठ टक्के विरळ होते. पंखाला तीच लिफ्ट मिळवायला प्रत्यक्ष वेग चार टक्के जास्त लागतो आणि इंजिनांचा जोरही कमी पडतो. धावपट्टी आखूड असेल तर मोठी खाच उपयोगी पडते. धावपट्टी लांब असून चढ अपुरा पडत असेल तर लहान खाच बरी. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, तिथे लांबीची चणचण सहसा नसते. वजन, तापमान, वारा, धावपट्टी कोरडी की ओली, पुढचे डोंगर असा सगळा तपशील टॅब्लेटमधल्या गणनेत घालूनच खाच ठरते. वैमानिकाच्या आवडीनिवडीला तिथे फार वाव नाही.

उतरताना रोध हवाच असतो. तीन अंशांच्या उतारावर विमान आपोआप वेग घेऊ पाहते. फ्लॅप पूर्ण वाकलेले असले की वेग आटोक्यात राहतो, शिवाय इंजिने अगदी मंद ठेवावी लागत नाहीत. याचा फायदा मोठा आहे. उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे ठरले तर मंद इंजिनाला पूर्ण जोर घ्यायला काही सेकंद लागतात, आधीच थोडे फिरणारे इंजिन लगेच साथ देते. नाकही खाली राहते, त्यामुळे धावपट्टी नीट दिसते.

तुम्हाला दिसणारी फट मुद्दाम ठेवलेली असते. इतक्या वाकलेल्या फ्लॅपवरून वाहताना हवेचा जोर संपतो आणि ती पृष्ठभाग सोडते. फटीतून पंखाखालची वेगवान हवा वर येते आणि त्या दमलेल्या थराला पुढे ढकलते. ए३२० च्या फ्लॅपला अशी एक फट असते. ७३७-८०० मध्ये दोन असतात, म्हणून तिथून जमीन जास्त दिसते.

आणखी एक बारकावा. हवेत उतरण्याच्या तयारीत ए३२०चा लिव्हर प्रथम १ वर आणला की फक्त स्लॅट बाहेर येतात, मागचे फ्लॅप जागचे हलत नाहीत. पंखामागच्या सीटवरून पाहणाऱ्याला काहीच झाले नाही असे वाटते. फ्लॅप पुढच्या खाचेपासून हलू लागतात.

उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिनाचा आवाज उतरतो आणि विमान खाली जात असल्यासारखे पोटात गलबलते. दर वेळी असे का?
— एक वाचक, वाशी

धावपट्टीपासून १,००० ते १,५०० फूट उंचीवर इंजिनांचा जोर उड्डाणाच्या पातळीवरून चढाईच्या पातळीवर आणतात. त्याच सुमारास वेग वाढवण्यासाठी नाक थोडे खाली घेतात. चढाई चालूच असते, फक्त तिचा दर घटतो, आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला दरातला बदल तेवढा कळतो. पुढे वेग ठरलेल्या टप्प्यांवर आला की फ्लॅप एकेक खाच आत घेतात. स्लॅट सर्वांत शेवटी जातात. फ्लॅप घाईने आत घेतले तर मात्र विमान खरेच खाली बसते, म्हणून लिव्हर हलवण्याआधी वेग मोठ्याने तपासून सांगण्याची शिस्त असते.

आमच्या डोक्यावरून मुंबईकडे उतरणारी विमाने जातात. काहींची शिट्टीसारखी बारीक सलग किंकाळी येते, काहींची नाही. ब्रेक लागल्याचा आवाज आहे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

चाकांचे ब्रेक हवेत कामाचे नसतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने तुमच्या भागावर येतात तेव्हा साधारण २,००० ते २,५०० फुटांवर असतात. चाके आणि उरलेले फ्लॅप उघडण्याची वेळ हीच असते. इंजिने तेव्हा बरीच शांत असतात. घरघर ऐकू येते ती चाकांच्या दांड्या, स्लॅटच्या फटी आणि फ्लॅपची टोके यांवरून वाहणाऱ्या हवेची.

शिट्टी वेगळी. ए३२० आणि तिच्या भावंडांच्या पंखांखाली इंधनटाकीतला जादा दाब सोडण्यासाठी गोल तोंडे असतात. त्यांवरून वारा वाहिला की विशिष्ट वेगाला सूर निघतो. पुढे या तोंडांच्या अलीकडे छोटीशी धातूची पट्टी बसवून हवेत भोवरे करायचे आणि सूर मोडायचा, हा उपाय निघाला. २०१४ पासून युरोपात जुन्या विमानांवरही त्या बसवल्या जाऊ लागल्या. पट्टी बसवलेले विमान आणि न बसवलेले विमान यांतला फरक तुम्ही गच्चीवरून कानांनी ओळखू शकता.

विमानाची चाके टेकताच पंखावरच्या फळ्या एकदम उभ्या राहिल्या. मला वाटले पंख फाटला. त्या कशाला असतात? वळतानाही एकाच पंखावर एखादी फळी उठलेली दिसली.
— इयत्ता आठवीतली वाचक, ऐरोली

तू बरोबर जागी पाहत होतीस. फाटले काही नव्हते, उलट उतरण्यातले सर्वांत मोलाचे काम त्या फळ्या करत होत्या. त्यांना स्पॉयलर म्हणतात. ए३२० मध्ये प्रत्येक पंखावर पाच असतात आणि जमिनीवर त्या ५० अंशांपर्यंत उभ्या राहतात.

चाके टेकली तरी विमान ताशी २३०–२५० किलोमीटरने पळत असते आणि पंख अजून बरेचसे वजन उचलून धरत असतो. चाकांवर भार नसेल तर ब्रेक कितीही दाबले तरी टायर नुसते घसरतात. पावसात घाट उतरणारा रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा लवकर घसरतो, तसे. स्पॉयलर उभे राहिले की पंखावरची लिफ्ट मोडते आणि वजन चाकांवर येते. हवेचा रोध वाढतो तो वरचा नफा.

वळताना एकाच बाजूची फळी उठते ती वेगळ्या कामासाठी. पंखाच्या टोकाजवळ एलेरॉन नावाची हलणारी पट्टी असते. डावीकडे कलायचे तर डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली जातो. मदतीला डाव्या पंखावरचे काही स्पॉयलर थोडे उठतात आणि तो पंख खाली बसतो. उंचावरून भराभर खाली यायचे असेल तेव्हा दोन्ही पंखांवरच्या काही फळ्या अर्धवट उघडतात. तेव्हा सीट थरथरते, ते नेहमीचेच आहे.

मोठ्या वाचकांसाठी पुढचा भाग. उतरण्याआधी वैमानिक स्पॉयलरचा लिव्हर वर ओढून सज्ज ठेवतो. मग संगणक दोन गोष्टी पाहतो. इंजिनांचे लिव्हर मंद जागी आहेत का, आणि दोन्ही बाजूंची मुख्य चाके खरेच दबली आहेत का. दोन्ही जुळले की फळ्या आपोआप उभ्या राहतात. ए३२० मध्ये स्वयंचलित ब्रेकही स्पॉयलर उघडण्याच्या आज्ञेवरच सुरू होतात, म्हणजे फळ्या उठल्या नाहीत तर ब्रेकही आपसूक लागणार नाहीत. म्हणून चाके टेकताच दुसरा वैमानिक पडदा पाहून स्पॉयलर उघडल्याचे मोठ्याने सांगतो. उघडले नसतील तर तेही सांगतो.

अटी इतक्या कडक का, तर हवेत फळ्या चुकून पूर्ण उघडणे जीवघेणे ठरेल. पण कडकपणाची किंमतही एकदा मोजावी लागली. १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सात लुफ्तान्साचे ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरले. तिरक्या वाऱ्याच्या अंदाजाने वेग जास्त ठेवला होता, प्रत्यक्षात वारा मागून होता. उजवे चाक आधी टेकले, डावे तब्बल नऊ सेकंदांनी. तोवर संगणकाच्या हिशेबी विमान हवेतच होते. स्पॉयलर आणि इंजिनांचा उलटा जोर दोन्ही थांबून राहिले. विमान धावपट्टीबाहेर मातीच्या बांधावर आदळले आणि दोघांचा मृत्यू झाला. १ जून १९९९ रोजी अमेरिकेत लिटल रॉकला वादळी पावसात उतरलेल्या एमडी-८२ विमानाचे स्पॉयलर उघडलेच नाहीत आणि ते कोणी तपासलेही नाही. त्यात अकरा जण गेले.

आपल्याकडच्या पावसाळ्यात यातून निघणारी कामाची गोष्ट अशी. ओल्या पट्टीवर चाके ठामपणे आणि ठरलेल्या जागी टेकवायची. तरंगत, हळुवार उतरवण्याच्या नादात पट्टी मागे पडते, चाके दबत नाहीत आणि पुढची सगळी साखळी लांबते. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी मागून वारा आणि ओली पट्टी असताना विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकले. उरलेल्या लांबीत ते थांबू शकले नाही आणि एकवीस जण दगावले. तेव्हा पावसात दणका देऊन उतरलेल्या वैमानिकाला नावे ठेवू नयेत.

अहमदाबादच्या अपघातानंतर फ्लॅप उघडलेच नव्हते असे सगळीकडे फिरत होते. फ्लॅप विसरून विमान उडू शकते का? कोणी अडवत नाही?
— दोन वाचक, घोडबंदर रोड आणि नौपाडा

आधी अहमदाबाद. एअर इंडियाच्या बोइंग ७८७ च्या १२ जून २०२५ च्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याने आला. फ्लॅपचा लिव्हर ५ अंशांच्या खाचेत पक्का बसलेला सापडला आणि ती उड्डाणाची नेहमीचीच जागा आहे, असे त्यात नोंदले आहे. विमान हवेत गेल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असेही त्यात आहे. हा अहवाल प्राथमिक आहे, त्यापलीकडचा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. बोइंग ७८७ मध्ये ५ च्या खाचेला फ्लॅप मागे सरकतात, वाकतात अगदी थोडे. लांबून मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितीत ते उघडे की बंद हे ठरवणे कोणाही तज्ज्ञाच्या आवाक्याबाहेरचे होते. तरी कित्येकांनी ठरवून टाकले.

फ्लॅप विसरणे मात्र घडलेले आहे. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटला आणि २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला एमडी-८२ विमाने फ्लॅप-स्लॅट न उघडता धावली. माद्रिदच्या १७२ पैकी १५४ जण मेले. दोन्ही ठिकाणी उड्डाणाआधी वाचायच्या तपासणी यादीतला फ्लॅपचा मुद्दा निसटला आणि अशा वेळी वाजणारा इशाराही वाजला नाही. फ्लॅपशिवाय विमान हवेत जाते, कारण जमिनीलगत पंखाला थोडा जादा आधार मिळतो. त्यातून वर येताच तो आधार सुटतो, पंख स्टॉल होतो, म्हणजे हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि लिफ्ट कोसळते.

आज अडवणूक कशी असते? इंजिन सुरू झाल्यावर, टॅक्सीला, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे, निघण्याआधी लिव्हर खाचेत ठेवतात. पडद्यावरची प्रत्यक्ष स्थिती पाहतात, कारण लिव्हर खाचेत असला म्हणजे फ्लॅप तिथे पोहोचलेच असे नाही. मग ती खाच टॅब्लेटमधल्या गणनेशी जुळवतात. यादी एक वाचतो, उत्तर दुसरा देतो. ए३२० मध्ये उड्डाणाची जुळणी तपासणारे वेगळे बटण आहे. ते दाबले की जणू पूर्ण जोर दिला आहे असे समजून संगणक तपासणी करतो. तरीही चूक राहिलीच तर धावपट्टीवर जोर देताच इशारा वाजतो. फ्लॅप किंवा स्लॅट चुकीच्या जागी, स्पॉयलरचा लिव्हर उघड्या स्थितीत, शेपटीचे ट्रिम (नाकाचा तोल साधणारी जुळणी) मर्यादेबाहेर, पार्किंग ब्रेक लागलेला, यांपैकी काहीही पुरते. इशारा वाजला की उड्डाण तिथेच थांबवायचे.

इशारा आहे म्हणून यादी उरकून टाकणे ही जुनी खोड आहे. टॅक्सी करताना रेडिओवर बोलणे आले, धावपट्टी बदलली, कोणी मधेच काही विचारले की यादीचा धागा तुटतो. अशा वेळी यादी जिथे थांबली तिथून न धरता पहिल्यापासून वाचावी, हीच पद्धत योग्य.

एका पंखाचे फ्लॅप उघडले आणि दुसऱ्याचे अडकले तर विमान उलटेल ना?
— एक वाचक, कळवा

तसे होऊ न देण्यासाठीच यंत्रणेची रचना आहे. विमानाच्या पोटातल्या हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, मोटरी एकच लांब फिरता दांडा चालवतात. तो दोन्ही पंखांत जातो, म्हणजे दोन्हीकडचे फ्लॅप जोडीनेच हलतात. दांडा मध्येच तुटला तर पंखाच्या टोकाकडचे संवेदक दोन्ही बाजूंची तुलना करतात आणि थोडा फरक दिसताच तिथले ब्रेक दांडा जखडतात. फ्लॅप जिथे असतील तिथे थांबतात. ए३२० मध्ये हे ब्रेक हवेत सोडता येत नाहीत, ते अभियंत्यांनी जमिनीवरच सोडायचे.

१९७९ मध्ये शिकागोला डीसी-१० विमानाचे डावे इंजिन उड्डाणावेळी तुटून पडले. हायड्रॉलिक नळ्या फाटल्या आणि स्लॅटना बाहेर धरून ठेवणारा दाबच गेला. वाऱ्याने डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट आत ढकलले, तो पंख आधी स्टॉल झाला आणि विमान कलंडले. दाब गेला तरी पट्टी जागची हलता कामा नये, ही अट म्हणूनच इतकी महत्त्वाची.

फ्लॅप आणि स्लॅट दोन्ही अडकले तरी उतरता येते. वेग ५० ते ६० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) जास्त ठेवावा लागतो. १३५ ऐवजी १९० नॉटने टेकले तर थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. ए३२०च्या टायरची मर्यादा १९५ नॉट आहे, म्हणजे हातात फारसे काही उरत नाही. मग लांब धावपट्टी निवडतात, इंधन जाळून वजन कमी करतात आणि अग्निशमन दलाला तयार राहायला सांगतात. ब्रेक लाल होतात. चाकातली खास बुचे वितळून टायरमधला नायट्रोजन सोडून देतात, म्हणजे टायर फुटत नाही, नुसता बसतो.

फ्लॅप अडकण्याची साधी कारणे म्हणजे झिजलेला रोलर, वंगण न पोहोचलेला स्क्रू, दमट हवेने बिघडलेला संवेदक. मर्यादेपेक्षा जास्त वेगात उघडणे हे आणखी एक. ए३२० साठी ही मर्यादा १ ला २३० नॉट, २ ला २००, ३ ला १८५ आणि फुलला १७७. ती ओलांडली की नोंद होते आणि पुढच्या उड्डाणाआधी रूळ, जोड आणि सांधे तपासावे लागतात.

गेटवर उभ्या विमानात पायाखालच्या तळातून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. फ्लॅपचा आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

नाही. ए३२० मध्ये तीन हायड्रॉलिक मंडलांपैकी ठरावीक दोनांत एकाचा दाब दुसऱ्यापेक्षा ५०० पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) कमी झाला की एक यंत्र जोर इकडून तिकडे पोहोचवते. एक इंजिन बंद असताना ते अधूनमधून सुरू-बंद होते, तोच तो आवाज. फ्लॅपचा आवाज सलग घुंईऽऽ असा, दहा-वीस सेकंदांचा असतो.

उतरल्यावर फ्लॅप लगेच आत का घेत नाहीत? आणि उभ्या विमानाचे एलेरॉन लोंबत का असतात?
— एक वाचक, उलवे

धावपट्टी सोडेपर्यंत लिव्हरला हात लावायचा नाही, हा बहुतेक कंपन्यांचा दंडक आहे. दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकांचा लिव्हर ओढण्याचे प्रकार वारंवार घडत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी चाकांच्या लिव्हरला चाकाचा आणि फ्लॅपच्या लिव्हरला पाचरीचा आकार द्यायला लावला. आजच्या कॉकपिटमध्येही तेच आकार बोटांना लागतात. शिवाय त्या वेळी दोघांचे लक्ष ब्रेक आणि वेगावर हवे असते.

एलेरॉन लोंबतात कारण इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब उतरतो आणि पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते. दाब आला की ती जागेवर जाते. फ्लॅप उघडे असताना ए३२०चे दोन्ही एलेरॉन मुद्दाम पाच अंश खाली ठेवलेले असतात, ते मात्र लिफ्ट वाढवण्यासाठी.